दुसरी डबी

डॉक्टरांना एक खोड होती. प्रश्न विचारायचे आणि उत्तरही स्वतःच देऊन मोकळे व्हायचे. "गोळ्या घेताय ना वेळेवर? छान." "फिरायला जाताय ना? वा!" समोरच्याने तोंड उघडेपर्यंत यांचं पेन पुढच्या ओळीवर गेलेलं असायचं. तसा माणूस लाखात एक. हाताला गुण होता, कुणाला कधी दारातून परत पाठवलं नाही. पण ऐकून घ्यायची सवय म्हणाल, तर ती औषधालाही नव्हती. मग लोक तरी काय करणार? "हो डॉक्टर, हो डॉक्टर" करत मान डोलवायचे आणि बाहेर येऊन औषधाच्या खिडकीपाशी रेंगाळायचे. खिडकीच्या आत कंपाउंडर बसायचा. सगळे त्याला भाऊ म्हणायचे. खरी तपासणी तिथे सुरू व्हायची.

"भाऊ, खरं सांगू का? ती पांढरी गोळी मी घेतच नाही. घशाखाली उतरली की मळमळतं. पण डॉक्टरांना सांगू नका हं."

"नाही सांगत. पण निदान जेवल्यावर अर्धी तरी घेत जा."

सव्वीस वर्षं भाऊने हे काम केलं. किती जणांची गुपितं पोटात घालून बसला होता, त्याचं त्यालाच ठाऊक. एक शब्द कधी आतल्या खोलीत गेला नाही. त्याला त्याचा अभिमानही होता. "डॉक्टर रोग सांभाळतात, मी माणसं सांभाळतो," असं तो बायकोला सांगायचा. "मोठे आलेत सांभाळणारे!" म्हणून ती हसायची.

तर अशी सगळी घडी नीट बसलेली असताना अठ्ठावन्नाव्या वर्षी डॉक्टरांच्या डोक्यात किडा वळवळला.

"भाऊ, दिवसातून चाळीस वेळा मी 'मीठ कमी करा' म्हणतो. सव्वीस वर्षं म्हणतोय. प्रेशर कुणाचं उतरलं? नुसतं सांगून काही होत नाही. रोजच्या वापरातली वस्तूच अशी पाहिजे की हाताला आपोआप सवय लागेल. पटतंय ना? छान."

दवाखाना एका तरुण डॉक्टरच्या हवाली करून त्यांनी घरामागची सामानाची खोली रिकामी केली. तिथे ड्रिल आलं, कानस आली, प्लॅस्टिकचे तुकडे आणि गोंदाचे डबे आले. भाऊही आला. डॉक्टर जिथे, तिथे भाऊ, हे ठरलेलंच होतं. जुन्या पेशंटांची दहा आणि आपली दोन, अशी बारा घरं डॉक्टरांनी निवडली. जी वस्तू होईल, ती आधी या बारा घरांत वापरून बघायची. बारांतलं पहिलं घर डॉक्टरांचं स्वतःचं आणि बारावं भाऊचं.

पहिली वस्तू म्हणजे बुटाची नाडी बांधताना कमरेला ताण नको म्हणून पाय टेकवायचं ठेंगणं स्टूल. ते एका पायावर डुगडुगायचं. मग तासातासाच्या खुणा असलेली पाण्याची बाटली आली. लोक संध्याकाळी उरलेलं पाणी कुंडीत ओतून शेवटच्या खुणेपर्यंत आणून ठेवायचे. कुंड्या मात्र छान वाढल्या! मागच्या वर्षी गोळ्यांची गोल डबी झाली. आत दमट हवा शिरू नये म्हणून झाकण असं घट्ट केलं, की म्हाताऱ्या बोटांनी ते उघडेचना. बाराही घरांत डब्या वाटून झाल्यावर हे लक्षात आलं. डॉक्टर दोन दिवस खोलीबाहेर आले नाहीत.

आणि मग ती मिठाची डबी आली. खरंच देखणी होती हो! तळहातात मावेल एवढी, बाजूला एक खटका. खटका दाबला की नेमकी एक चिमूट मीठ खाली पडायचं, कणभर जास्त नाही. आणि बुडाशी, आठवड्यात दिवसाला सरासरी किती खटके पडले ते दाखवणारा आकडा. डॉक्टरांनी त्या आकड्यासाठी पाच महिने घातले. बारा घरांतल्या बायामाणसांना स्वयंपाकघरात उभं करून दाखवलं. "सोपं आहे ना? छान."

दर शनिवारी भाऊ वही घेऊन बारा घरं फिरायचा आणि आठवड्याचे आकडे उतरवून आणायचा. आकडे काय सुरेख यायचे! कुठे सहा, कुठे सात, फार तर नऊ. डॉक्टर वही उघडून बघत बसायचे आणि चष्म्याआडचे डोळे लहान मुलासारखे चमकायचे. "भाऊ, बघितलंत? जे तोंडाने जमलं नाही, ते खटक्याने जमलं."

भाऊ "हो डॉक्टर" म्हणायचा.

आता तो आणखी काय म्हणणार? त्याने पहिल्याच शनिवारी पाहिलं होतं. टपालवाल्या काकांच्या ओट्यावर डॉक्टरांची डबी घासूनपुसून चकचकीत ठेवलेली, आणि पिठाच्या डब्यामागे दुसरी डबी. काकूंनी त्याची नजर हेरली. "भाऊ, अहो जेवणच जात नाही ह्यांना. भाजीत सात खटके घालते, आकड्यापुरते. बाकीचं या दुसऱ्या डबीतलं. डॉक्टरांना सांगू नका हं." शिंपीणबाईंकडे तीच कथा. गणिताच्या बाईंनी तर आकडे दर आठवड्याला थोडे वरखाली राहतील अशी काळजी घेतली होती. "एकसारखे आले तर संशय येतो," त्या म्हणाल्या. एकूण एक घरात दुसरी डबी होती.

भाऊच्या घरी तर ती त्यानेच सुरू केली होती. पहिल्या दिवशीचा घास तोंडात घातला आणि त्याने ताट बाजूला सारलं. "अगं, हे काय शिजवलंयस की नुसतं भिजवलंयस?" मग फडताळातून मागच्या वर्षीची ती गोळ्यांची घट्ट डबी काढली, तिच्यात मीठ भरलं आणि ताटाशेजारी ठेवली. झाकण दाबून जरा उलटं फिरवलं की उघडतं, हे त्याला आधीच सापडलं होतं. मीठ कसं सुटसुटीत राहायचं त्यात! नवरा घेतो म्हटल्यावर बायकोही घेऊ लागली. आणि प्रेशर होतं ते तिला.

डॉक्टर दर पंधरवड्याला, बाकीच्या घरांसारखंच, तिचंही प्रेशर तपासायला यायचे. एकशे साठ. पुढच्या वेळी एकशे पासष्ट. डॉक्टर आकडा बघायचे, पुन्हा पट्टा दंडाला गुंडाळायचे आणि कपाळाला आठ्या घालून बसायचे.

"मीठ तर सातच खटके. तरी उतरत नाही म्हणजे गोळी कमी पडतेय."

गोळी दुप्पट झाली. महिन्याभराने आणखी एक जोडली, जास्तीचं पाणी लघवीवाटे काढणारी. भाऊने चिठ्ठी हातात घेऊन दोनदा वाचली. एवढी वर्षं औषधं देऊन त्याला एवढं नक्की कळत होतं, की हे औषध आजाराला नाही, त्या दुसऱ्या डबीला चाललंय. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण एका घराचं फुटलं की बाराही घरांचं फुटणार. सव्वीस वर्षं लोकांनी ज्याच्यावर भरवसा टाकला, तो चुगलखोर ठरणार. आणि डॉक्टर? पंधरवड्यानंतरच्या गुरुवारी साचा करणारा कारागीर यायचा होता. एकदा साचा कापला की हजारोंनी डब्या निघणार होत्या. डॉक्टर साचेवाल्याचा फोन आला की उभं राहून बोलायचे. डॉक्टरांच्या तोंडावर कसं सांगायचं, की तुमचा आकडा सगळा बनाव आहे?

मग भाऊने स्वतःच्या अकलेने तोड काढली. कुणाला काही सांगायलाच नको. आपण आपल्या घरापुरतं सुधारायचं. रविवारी सकाळी त्याने दुसरी डबी मोरीत उपडी केली, नळ सोडला आणि हात झटकले.

"आता खटक्यानेच खायचं. खरंखुरं."

"एवढी उपरती कशी झाली?" बायको म्हणाली.

"तुझ्या गोळ्या बघवत नाहीत मला."

त्या दिवसापासून तिने खरोखरच डॉक्टरांच्या डबीतलं मीठ घातलं, आणि तोंड वाकडं करत का होईना, दोघांनी खाल्लं. भाऊला रात्री बरी झोप लागायला लागली. आपण फार शहाणपणाचं काम केलं, असं त्याला वाटत होतं. आणि इतका जुना कंपाउंडर एक साधी गोष्ट विसरला. मीठ गेलं, पण त्या मिठासाठी वाढवलेल्या गोळ्या तशाच चालू होत्या.

बुधवारी बायको म्हणाली, "उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते हो."

"झोप झाली नसेल."

गुरुवारी ती दाराची चौकट धरून उभी राहिली. भाऊ म्हणाला, "उपाशीपोटी काम करतेस, दुसरं काय." त्याला दिसत नव्हतं असं नाही. बघायचंच नव्हतं.

शनिवारी सकाळी तो वही शोधत होता. न्हाणीघरात धप्पकन आवाज झाला. धावत गेला तर बायको ओल्या फरशीवर पडलेली, कपाळातून रक्त, चेहरा कागदासारखा पांढरा. त्याने तिला उचलून खाटेवर ठेवलं आणि दंडाला पट्टा गुंडाळला. हजारो दंडांना गुंडाळला असेल. काटा खाली येता येता ऐंशीवर ठोका ऐकू आला.

दोन गल्ल्या सोडून डॉक्टर राहायचे. फोन करताच तसेच घरातल्या कपड्यांवर धावत आले. कपाळावर टाके घातले. ते डुगडुगतं स्टूल खाटेवर आडवं करून तिचे पाय त्याच्यावर चढवले. पुन्हा प्रेशर घेतलं, पुन्हा ऐंशी. मग सवयीने ओट्यापाशी जाऊन मिठाची डबी उलटी करून बघितली, आणि तिथेच थबकले.

"अठरा? रोजचे अठरा खटके?"

भाऊ ओल्या फडक्याने बायकोचा चेहरा पुसत राहिला.

"गेल्या आठवड्यात सात होते. मीठ वाढलं आणि प्रेशर निम्म्यावर? हे उलटंच झालं. म्हणजे मिठाचा संबंध नाही. आत कुठेतरी रक्त जातंय. नाहीतर हृदयच थकलंय." ते स्वतःशीच बोलत होते. "भाऊ, गाडी बोलवा. मोठ्या इस्पितळात हलवू. पोटाची, छातीची सगळी तपासणी करावी लागेल. पोटात दुखत होतं ना हिच्या? हो, असणारच."

खाटेवरून बायकोने मान वळवून भाऊकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतंच पाहिलं, आणि भाऊला स्वतःची इतकी लाज वाटली की रडूच कोसळलं.

"डॉक्टर, आकडा खोटा आहे."

"काय?"

"आताचा नाही, आधीचा खोटा. सात कधी नव्हतेच. दुसरी डबी होती. मीच ठेवली होती. तिच्यातलं मीठ मोजलंच जात नव्हतं, सगळं मिळून अठराच्या दुप्पट तरी असेल. तुम्ही गोळ्या वाढवत गेलात, मी बघत राहिलो. आणि रविवारी ती डबी ओतून दिली, तुम्हाला न सांगता." त्याने हात जोडले. "काही थकलेलं नाही हो तिचं. मी केलंय हे."

डॉक्टर झोपेतून माणूस जागा व्हावा तसे हलले.

"सकाळच्या गोळ्या घेतल्या?"

"हो."

"यापुढे बंद. सगळ्या. पाणी आणा. साखर घाला, मीठ घाला."

भाऊने पेल्यावर डबी धरली आणि खटका दाबायला लागला. एक, दोन, तीन... चिमूट चिमूट मीठ पडत होतं.

"अहो ठेवा ती!" डॉक्टर ओरडले. त्यांनी डबी हिसकावून घेतली, झाकण फिरवून उघडली आणि बोटांनीच मीठ पेल्यात टाकलं. पाच महिने खपून केलेली डबी ओट्यावरून घरंगळली आणि खाली पडली. तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

डॉक्टर खुर्ची ओढून खाटेशी बसले आणि दर दहा मिनिटांनी पट्टा गुंडाळत राहिले. ऐंशी. पंच्याऐंशी. चौऱ्याण्णव. दुपारपर्यंत एकशे दहा झालं आणि बायको म्हणाली, "आठवड्यात पहिल्यांदा तोंडाला चव आली, ती त्या पाण्याने." भाऊला हसावं की रडावं कळेना. डॉक्टर हसले नाहीत.

ते बाहेर पायरीवर जाऊन बसले. भाऊ दारात उभा राहिला. बसायची त्याची हिंमत नव्हती.

"किती घरांत आहे दुसरी डबी?"

"सगळ्या."

"सगळ्या म्हणजे?"

"बाराही."

"सगळ्यांच्या गोळ्या मी त्या आकड्यांवर वाढवल्या आहेत," डॉक्टर हळूच म्हणाले. "उद्या एखाद्याला आपणहून शहाणपण सुचलं तर त्याचंही हेच होईल." मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि साचेवाल्याला लावला. "या गुरुवारी येऊ नका," एवढंच सांगून ठेवून दिला.

"डॉक्टर, मी..."

"भाऊ." डॉक्टरांनी मान वर केली. "बाराही म्हणालात. पहिलं घर माझं आहे."

डॉक्टरांच्या बायकोने, वहिनींनी, भाऊला तीन वेळा बजावलं होतं. शेवटी तो म्हणाला, "वहिनी म्हणाल्या होत्या, डॉक्टरांना सांगू नका."

शेजारणीला बायकोपाशी बसवून भाऊ त्यांच्यामागून निघाला. घरी वहिनी जेवणाची ताटं घेत होत्या. डॉक्टर टेबलाशी बसले.

"दुसरी डबी दे."

वहिनींनी भाऊकडे असा जळजळीत कटाक्ष टाकला, की त्याला दाराबाहेर पडावंसं वाटलं. मग त्या मुकाट्याने आत गेल्या आणि चहाच्या डब्यामागून एक गोल डबी आणून टेबलावर ठेवली.

ती गोळ्यांची डबी होती. मागच्या वर्षीची, घट्ट झाकणाची.

डॉक्टरांनी ती उचलली. उघडायचा प्रयत्न केला. जमेना. वहिनींनी हातातून घेऊन झाकण दाबलं, जरा उलटं फिरवलं, टक्कन उघडली. आत मीठ कसं पांढरंशुभ्र, मोकळं होतं.

"हिच्यात दमट होत नाही," वहिनी म्हणाल्या. "फार उपयोगाची आहे."

"बाकीच्या घरांतही हीच?" डॉक्टरांनी विचारलं.

"हीच," भाऊ म्हणाला. "फेकली कुणीच नाही."

इतक्या वस्तूंत ही एकच लोकांनी मनापासून वापरली होती, रोज, तिन्हीत्रिकाळ. डॉक्टर ती हातात फिरवत राहिले. त्यांच्या तोंडावर काय होतं ते भाऊला नीट सांगता आलं नसतं. दुःख होतं, आणि हसूही कुठेतरी अडकलेलं होतं.

"का?" त्यांनी वहिनींना विचारलं.

वहिनी गप्प. नवऱ्याला त्या पुरत्या ओळखून होत्या. आता उत्तर हेच देतील आणि वर 'छान' म्हणतील, म्हणून थांबल्या. डॉक्टरांचं तोंड उघडलंही. पण काही न बोलता त्यांनी ते मिटलं, आणि थांबले. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली.

वहिनींचाच धीर सुटला. "पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, 'चव आहे ना? छान.' आणि उठून खोलीत गेलात. चव नव्हती. तुम्हालाही लागली नव्हती, अर्धं ताट तसंच ठेवलं होतंत. दुसऱ्या दिवसापासून मी यातलं घालायला लागले, तेव्हा पोटभर जेवलात. मग कधी आणि कसं सांगू? तुम्ही थांबताच कुठे?"

डॉक्टरांनी हळूच मान हलवली. मग खिशातलं पेन काढलं, त्याला टोपण लावलं आणि टेबलाच्या पार पलीकडच्या कडेला ठेवून दिलं.

"भाऊ, बसा. उभे का? आज संध्याकाळी आपण दोघं उरलेल्या दहाही घरांत जाऊ. गोळ्या आधी ठीक करू, डब्यांचं मग बघू. मी नुसता ऐकेन."

भाऊ खुर्चीच्या कडेवर टेकला.

"आणि ते खिडकीतलं. लोक माझ्यासमोर हो हो करून बाहेर तुम्हाला काय सांगायचे, ते सगळं मला सांगा. पहिल्यापासून."

"सव्वीस वर्षांचं आहे, डॉक्टर."

"असू दे."

भाऊ खुर्चीत नीट मागे सरकून बसला. त्याला वाटलं होतं, सांगायची वेळ आली तर शब्द सापडणार नाहीत. पण ते तर केव्हापासून तोंडाशीच होते.

"ती पांढरी गोळी," तो म्हणाला. "तिने मळमळतं."

"कुणाला?"

"सगळ्यांना, डॉक्टर. सगळ्यांनाच."